तोंडातलाच जंतू

[दृश्य : जबड्याचा सीटी स्कॅन, संथ गतीने]

कोविडचा ताप उतरलेला असतो. ऑक्सिजनची नळीही निघालेली असते. रुग्ण घरी येतो, आणि काही आठवड्यांनी त्याचे वरचे दात हलू लागतात. एक नव्हे, शेजारशेजारचे तीन-चार. हिरडीतून पू येतो. दात काढला तरी जखम भरत नाही. तळाशी उघडं, पिवळट हाड दिसत राहतं.

वरच्या जबड्याचं हाड सहसा असं सडत नाही. त्याला रक्तपुरवठा भरपूर. हाडाचा जंतुसंसर्ग होतो तो बहुधा खालच्या जबड्याला. गंभीर कोविडमध्ये मात्र बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. श्वास वाचवण्यासाठी दिलेली स्टेरॉइड्स प्रतिकारशक्ती दाबतात, साखरही चढवतात. रक्त न पोचलेलं हाड मरतं. मग तिथे शिरायला जंतूंना बाहेरून यावं लागत नाही.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली बारीक, फांद्या फुटलेले धागे]

हा अ‍ॅक्टिनोमायसिस. एरवी तोंडात, दातांवरच्या थरात निमूट राहणारा. १८७७ साली गुरांच्या सुजलेल्या जबड्यात तो ओळखला गेला आणि धागे पाहून त्याला बुरशी मानलं गेलं. नावाचा अर्थच ‘किरण-बुरशी’. आहे मात्र तो जीवाणू. त्याच्या पिवळ्या कणांनाही ‘गंधकाचे कण’ म्हणतात, तेही केवळ रंगावरून! नावांच्या बाबतीत या जंतूचं नशीबच खोटं.

२०२१ मध्ये हा घोळ गमतीचा उरला नाही. म्युकरमायकोसिस, म्हणजे खरीखुरी बुरशी, तीही वरच्या जबड्यातच उतरत होती. तेच सैल दात, तेच मेलेलं हाड. पण बुरशीला लागतं अ‍ॅम्फोटेरिसिन आणि या जीवाणूला पेनिसिलीन. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. काही रुग्णांत तर दोन्ही एकत्र सापडले. निवाडा करते बायोप्सी, म्हणजे काढलेल्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी : बुरशीचे धागे रुंद, फितीसारखे, जीवाणूचे कितीतरी बारीक. कल्चरसाठी, म्हणजे हा जंतू प्राणवायूविना वाढवून पाहण्यासाठी, दोन-तीन आठवडेही थांबावं लागतं, आणि आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर काही उगवतही नाही.

[दृश्य : शस्त्रक्रियागृह]

औषध रक्तातून जातं. मेलेल्या हाडात रक्तच नाही. म्हणून आधी ते हाड काढायचं. मग पेनिसिलीन, आधी शिरेतून आणि पुढे महिनोन्‌महिने गोळ्या. टाळूला भोक पडलं असेल तर ते झाकणारी कवळीसारखी पट्टी बसवतात. ती बसली, की घोटभर पाणी पुन्हा नाकातून न येता घशाखाली उतरतं.