बोटांवर मोजलेलं गाणं

पाच वर्षं झाली मी गाणी लिहितोय. सुरुवातीला काय करायचो, गिटारवर कॉर्ड्स वाजवायचो आणि त्यावर शब्द बसवायचो, पण चाल म्हणायला घेतली की दर ओळीत एखादा शब्द बाहेर लोंबत राहायचा.

मग एका आषाढात, नाशिकला घराजवळच्या देवळात भजन चालू होतं, तुकोबांचा अभंग, आणि मी सहज बोटांवर अक्षरं मोजली. सुंदर ते ध्यान, ६. उभे विटेवरी, ६. कर कटावरी, परत ६. आणि ठेवोनिया, ४च! शेवटचा चरण २ अक्षरांनी आखूड, तिथे सूर लांबवता येतो, श्वास घेता येतो. यमक फक्त मधल्या दोन चरणांना. मी त्या रात्री घरी येऊन माझी सगळी गाणी मोजली, एकाही ओळीचं माप दुसरीला जुळत नव्हतं.

तिथून बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांकडे गेलो. असोद्याच्या, पुढे जळगावच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात नाहीतर घरोट्यावर दळताना गाणी सुचायची, जवळची माणसं ती लिहून ठेवायची, आणि पुस्तक आलं १९५२ ला, त्या गेल्यानंतर. आता विचार करा, हातात वही नाही म्हटल्यावर ओळ डोक्यातच टिकायला पाहिजे ना? म्हणून ती 'अरे संसार संसार' अशी ८ अक्षरांची, जात्याच्या फेऱ्यात बसणारी. आणि शब्द सगळे घरातले, तवा, चुल्हा, भाकर. माझ्या गाण्यात समुद्रकिनारा असायचा, मी वाढलो कांद्याच्या चाळीशेजारी.

आमच्याच जिल्ह्यातले वामनदादा कर्डक, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि गावोगाव भीमगीतं गायली. त्यांचं ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की पब्लिक सोबत म्हणायला लागतं, इतकं ते छोटं आणि थेट असतं.

सध्या लासलगावच्या कांद्याच्या लिलावावर एक गाणं चालूय. गिटार कोपऱ्यात आहे, आधी नुसतं टाळीवर म्हणून बघतोय:

ट्रॅक्टरची लांब रांग
भाव काय आज, सांग

८ आणि ८. आजीला म्हणून दाखवलं तर तिनं 'सांग'च्या पुढे आपसूक 'गं बाई' लावलं, आणि चाल तिथेच सापडली.