२६ अंशांची रात्र

(दृश्य: अंधाऱ्या हॉलमध्ये उजळलेला फिशटँक. कॅमेरा हळूहळू काचेवरच्या थर्मामीटरकडे जातो.)

पुण्यातली जानेवारीची रात्र. बाहेर पारा दहाच्या आसपास, बंद खोलीत १९. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा या टँकमध्ये मात्र २६. हे सात अंशांचं अंतर सकाळपर्यंत टिकवायचं काम बोटभर जाडीची एक काचेची नळी, म्हणजे पाण्यात बुडवलेला हीटर, करते आहे.

माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं गरम, तेवढंच त्याचं अंग. पाणी थंडावलं की पचन मंदावतं, रोगाशी झगडायची ताकद कमी होते, आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही सुस्तावतात. निऑन टेट्रा, एंजल, बेटा या उबदार पाण्यातल्या माशांना २४ अंश चालतात, २७ही चालतात. सोसत नाही ते दुपारी २७ आणि पहाटे २१. अशा काही पहाटा गेल्या की परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसायला लागतात. ठिपके परजीवीचे असतात, पण त्याला वाट करून देतो तो हा चढउतार. गोल्डफिश मात्र थंड पाण्यातला मासा; त्याला हीटर लागत नाही.

(दृश्य: मोजपट्टी, टँकची काच, मग हीटरचा खोका.)

हीटर किती वॉटचा घ्यायचा, हे पाण्यावर ठरतं. ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटिमीटर म्हणजे ५४ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की उरतं साधारण ४५ लिटर. लिटरमागे एक वॉट हा हिशेब इथल्या थंडीला पुरतो, म्हणून ५० वॉट. एवढा हीटर ४५ लिटर पाणी एका अंशाने तापवायला तासाभराहून थोडा जास्त वेळ घेतो. हा संथपणाच हवा असतो. याच टँकमध्ये २०० वॉटचा हीटर लावला आणि तो बंद व्हायचाच राहिला, तर दोन-सव्वादोन तासांत पाणी २६ वरून ३४ वर जाईल, घरातली माणसं झोपेत असतानाच. ५० वॉटचा हीटर अडकला, तर पाणी हळूहळू तापत जातं आणि सकाळी कुणाच्या तरी लक्षात यायला वेळ मिळतो. शंभर लिटरच्या पुढे एका मोठ्या हीटरऐवजी दोन टोकांना दोन लहान लावावेत. एक बंद पडला तरी दुसरा पाणी गार पडू देत नाही.

पण हीटर अडकतो कसा? नळीच्या आत विजेने तापणाऱ्या नायक्रोम तारेचं वेटोळं असतं आणि वर दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. पाणी तापलं की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, संपर्क तुटतो आणि लाल दिवा विझतो. पाणी निवलं की पट्टी सरळ होते, दिवा पुन्हा लागतो. दर वेळी संपर्काच्या टोकांवर बारीकशी ठिणगी पडते. वर्षानुवर्षं ठिणग्या खाऊन ती टोकं एक दिवस एकमेकांना चिकटतात.

म्हणून हीटरच्या, तापमान ठरवायच्या चकतीवरच्या आकड्यावर भिस्त ठेवायची नाही. चकती २६ वर आणि पाणी २४ किंवा २८, असं सर्रास होतं. वेगळा काचेचा थर्मामीटर हीटरपासून लांब, समोरच्या टोकाला लावायचा आणि त्याच्याकडे बघून चकती फिरवायची. काचेला बाहेरून चिकटवायच्या थर्मामीटरच्या पट्टीवर खोलीच्या हवेचाही परिणाम होतो.

(दृश्य: रबरी कपांनी हीटर काचेला चिकटवणारे हात.)

हीटर फिल्टरच्या धारेजवळ, तळापासून थोडा वर, तिरका लावायचा. वाळूत पुरायचा नाही. पाण्यात बुडवल्यावर वीसेक मिनिटं थांबून मगच बटण दाबायचं. पाणी बदलताना वीसेक मिनिटं आधी बंद करायचा. तापलेली नळी हवेत उघडी पडली आणि तिच्यावर गार पाणी आलं, की काच तडकते. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

हीटर उत्तम असूनही तापमान घसरतं, ते बहुधा पाणी बदलताना. गच्चीवरच्या टाकीतलं सकाळचं पाणी १८ अंशांवर असतं. ४५ पैकी १० लिटर तसंच ओतलं, तर टँक एकदम २४च्या जवळ येतो. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. नऊ लिटर गार पाण्यात एक लिटर उकळतं पाणी मिसळलं की बादली बरोबर २६ला येते. मिसळायचं बादलीतच, टँकमध्ये नाही. क्लोरीन काढायचं औषधही बादलीतच घालायचं.

वीज गेली तर टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्मोकोल लावायचा, वरून जाड चादर, हवेपुरती फट ठेवून. तरीही पारा उतरत असेल तर गरम पाण्याच्या घट्ट बंद केलेल्या बाटल्या पाण्यात तरंगत सोडायच्या. बॅटरीवरचा एअर पंप जवळ असलेला बरा, कारण फिल्टरही थांबलेला असतो.

(दृश्य: हीटरच्या नळीवर पांढरा थर.)

बोअरच्या पाण्यात हीटरवर क्षार बसतात. मार्चमध्ये बाहेर काढला की तासभर व्हिनेगरमध्ये बुडवावा, नीट धुऊन, सुकवून ठेवावा. नोव्हेंबरात टँकमध्ये लावण्याआधी तो बादलीभर पाण्यात रात्रभर चालवून बघावा, नळी प्लॅस्टिकला टेकू न देता. बादलीत थर्मामीटर. दिवा विझतो का, पुन्हा लागतो का, आणि सकाळी पारा कुठे उभा आहे, ते पाहावं.