वीस यार्डांच्या आतला बाण

(दृश्य: मिशिगन राज्यातलं ग्रेलिंग गाव. ऑ सेबल नदी, काठावर पाइनचं जंगल. सप्टेंबर महिना.)

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. बंदुकीचा मुख्य हंगाम लागतो १५ नोव्हेंबरला. मधले सहा आठवडे धनुर्धरांचे. त्यांची खरी मेहनत मात्र सप्टेंबरातच, घरामागच्या शेडमध्ये होते. दोऱ्या पिळायच्या, पिसं चिकटवायची, बाणांच्या फाळांना धार लावायची आणि एकच बाण शंभरदा सोडून बघायचा.

फ्रेड बेअर यांनी १९४७ साली आपला धनुष्यांचा कारखाना याच ग्रेलिंगमध्ये आणला. लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरग्लासचे थर चिकटवून केलेलं, टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह धनुष्य सामान्य माणसाच्या हातात आलं, त्यात या कारखान्याचा मोठा वाटा आहे. पुढे १९६६ मध्ये मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि बहुतेक शिकारी हळूहळू तिकडे वळले. कप्प्या असल्या की दोरी पूर्ण ओढल्यावर ताण एकदम उतरतो, मग आरामात नेम धरता येतो. रिकर्व्हला ही सवलत नाही. पन्नास पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर ते पन्नासच्या पन्नास पौंड बोटांवर असतात. नेम धरायला दुर्बीण नाही, काटा नाही. तरीही काही जण ते सोडत नाहीत. त्यांच्या तयारीची ही गोष्ट आहे.

मराठी प्रेक्षकांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट या सगळ्यांची शिकार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच १९७२ साली अमेरिकेने धनुष्यबाणांच्या विक्रीवर वन्यजीव संवर्धनासाठी कर लावायचं ठरवलं. बंदुका-काडतुसांवर तो १९३७च्या कायद्यापासून होताच. अमेरिकेत परवाना, हंगाम आणि किती हरणं मारायची याची मर्यादा, सगळं राज्य ठरवतं. मिशिगनच्या दक्षिण भागात लांडगे उरले नाहीत आणि मक्या-सोयाबीनच्या शेतांत पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर वाढली आहेत. अलीकडच्या वर्षांत राज्यातल्या रस्त्यांवर वाहनं आणि हरणांच्या पन्नास हजारांहून जास्त धडका दर वर्षी नोंदल्या गेल्या. शिकारीकडे आपण कसंही बघितलं, तरी एक मागणी रास्त आहे: जनावर मारायचं, तर ते तडफडत मरता कामा नये. धनुष्याची सगळी जुळणी याच मागणीपुढे टिकली पाहिजे.

(दृश्य: लाकडी बाकावर साठ इंची धनुष्य. दोन्ही टोकं पुढे, नेमाच्या दिशेने वळलेली.)

धनुष्याचा ताण मोजतात दोरी २८ इंच ओढल्यावर. ज्याची ओढ २७ इंच आहे त्याच्या हातात तेच धनुष्य दोन-तीन पौंडांनी हलकं पडतं. हरणासाठी निरनिराळ्या राज्यांचे नियम तीस ते चाळीस पौंड मागतात. अनुभवी लोक पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास थांबतात, आणि ते शहाणपणाचं आहे. नवशिक्याने साठ पौंडांचा हट्ट धरला, की हात थरथरतो, ओढ पूर्ण होत नाही, दोरी सुटताना बोटं झटकली जातात. थंडीत दोन तास निश्चल बसून आखडलेल्या खांद्यांनी जे ओढता येईल, तेच आपलं धनुष्य.

दोरी चढवताना धनुष्य पायात अडकवून वाकवू नये, पातं, म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग, पिळलं जातं. त्यासाठी खास दोर मिळतो, तो पायाखाली दाबून मूठ वर उचलायची. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही. बाणात जायची ती सगळी शक्ती मग पात्यांत शिरते, आणि धनुष्य तडकतं.

दोरी चढल्यावर ती मुठीपासून किती दूर आहे हे मोजायचं. साठ इंची रिकर्व्हला हे अंतर साधारण साडेसात ते सव्वाआठ इंच असतं. दोरीला पीळ दिला की ती आखडते आणि अंतर वाढतं. चार-पाच पीळ द्यायचे, तीन बाण सोडायचे, कान लावून ऐकायचं. पुन्हा पीळ, पुन्हा बाण. प्रत्येक धनुष्याची एक जागा अशी असते, जिथे खणखण थांबते आणि मुठीतला झटका कमी होतो. ती जागा सापडली, की माप लिहून ठेवायचं.

आवाजाची एवढी काळजी कशासाठी? हा हिशोब पाहा. अशा धनुष्यातून जड बाण सेकंदाला साधारण १६५ फुटांनी जातो. वीस यार्ड, म्हणजे साठ फूट, कापायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा आणि वर थोडा वेळ लागतो. आवाज तेच अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. म्हणजे दोरीचा टणत्कार हरणाच्या कानावर आधी पडतो, बाण मागून येतो. दचकलेलं हरीण उडी घेण्याआधी पाय दुमडून खाली बसतं, आणि छातीवर धरलेला बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाठीत लागतो. म्हणून दोरीवर दोन ठिकाणी लोकरीचे गोंडे किंवा बीव्हरच्या कातड्याच्या पट्ट्या गुंडाळतात. भाता घट्ट बांधतात. आणि बाण जड ठेवतात. जड बाण धनुष्याची शक्ती जास्त उचलतो, थरथरीला कमी उरते.

(दृश्य: बाणाच्या दांड्या, छोटा तराजू, पिसांचा गठ्ठा.)

आता बाण. माझ्या मते पैसा आणि वेळ इथेच घालावा. धनुष्य जुनं चालेल, बाण चुकीचा चालणार नाही.

दोरी बाणाला मागून ढकलते, पुढचं जड टोक मात्र जागचं हलायला वेळ घेतं. शिवाय बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते. या दोन्हींमुळे बाण वाकतो, मुठीला वळसा घालतो, उलट बाजूला वाकतो आणि पाण्यातल्या माशासारखा वळवळत पुढे जातो. काही यार्डांत तो सरळ होतो. हे वाकणं नेमकं हवं. दांडी फार ताठ असेल तर ती मुठीला घासते आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचिक असेल तर उजवीकडे.

दांडीचा हा ताठरपणा म्हणजे तिचा स्पाइन. कार्बनची दांडी २८ इंचांवर दोन टेकूंवर ठेवून मध्ये १.९४ पौंडांचं वजन टांगतात. ती अर्धा इंच झुकली, तर तिच्यावर ५०० आकडा छापतात. म्हणजे आकडा जितका लहान, दांडी तितकी ताठ. दांडी कापून आखूड केली की ती आणखी ताठ होते, पुढचं टोक जड केलं की नरम होते. म्हणून सुरुवात नेहमी लांब दांडीने करतात. कापता येतं, जोडता येत नाही.

लाकडाचे बाण हवे असतील तर पोर्ट ऑरफर्ड सीडर. ओरेगॉनच्या दक्षिण आणि कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ वाढणारं हे झाड, हलकं आणि सरळ रेषांचं. पण लाकूड सारखं नसतं. प्रत्येक दांडी तोलून, वाकवून एकमेकींशी जुळणाऱ्याच निवडाव्या लागतात. ज्याला ते काम आवडतं त्यानेच या वाटेला जावं.

एकूण वजनाचा जुना हिशोब आहे: ताणाच्या प्रत्येक पौंडामागे दहा ग्रेन. पन्नास पौंडांना पाचशे ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. पिसं टर्कीची, तीन, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली, कारण डाव्या-उजव्या पंखांच्या पिसांचा बाक वेगळा असतो. इथे प्लास्टिकची पिसं उपयोगाची नाहीत. रिकर्व्हमध्ये बाण मुठीवरच्या कट्ट्याला घासून जातो. खरं पीस दबून निघून जातं, प्लास्टिक उसळी देतं.

(दृश्य: वीस यार्डांवर फोमचं लक्ष्य. बाण एकामागून एक.)

आणि आता खरी कसोटी: पिसांशिवायचा बाण. पिसं बाणाच्या चुका झाकतात, तीच काढून टाकायची. तीन बाण पिसांचे, दोन बिनपिसांचे, सगळे एकाच नेमाने. आधी उंची बघायची. बिनपिसांचा बाण वर लागला, तर दोरीवरची बाण लावायची खूण फार खाली आहे, खाली लागला तर फार वर. बहुतेकांची खूण, मुठीवरच्या कट्ट्यापासून दोरीशी काटकोन जिथे होतो, त्याच्या अर्धा इंच वर स्थिरावते. उंची जमली की मग डावं-उजवं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला तर दांडी ताठ, टोक जड करा. उजवीकडे गेला तर नरम, पाव इंच कापा आणि पुन्हा सोडा. घाईने अर्धा इंच कापणारा नवी दांडी विकत आणतो. पाचही बाण एका जागी बसेपर्यंत हे चालतं, कधी आठवडाभर.

सरळ उडणारा बाण फक्त नेमासाठी नको असतो. तिरका बाण शिरताना आपली शक्ती डुलण्यात घालवतो, आणि रिकर्व्हकडे वाया घालवायला शक्ती नाहीच. म्हणूनच फाळही दोन धारांचा, साधा, अडथळा कमी करणारा निवडतात. मिशिगनचा नियम कमीत कमी सात-अष्टमांश इंच रुंदी मागतो. आधी कानस, मग दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. हातावरचे केस निघाले पाहिजेत. धारदार फाळ रक्तवाहिनी साफ कापतो आणि जनावर काही सेकंदांत कोसळू शकतं. बोथट फाळ तिला बाजूला ढकलतो. सरावाचं टोक आणि फाळ एकाच वजनाचे ठेवून दोन्ही एकाच जागी लागतात का, हेही तपासायचं. लागत नसतील तर जुळणी अजून झालेली नाही.

उरतं अंतर. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ-नऊ इंचांची, म्हणून नऊ इंचांची कागदी थाळी लावायची. सकाळी उठून, हात गरम न करता, जाड कोट घालून, शक्यतो झाडावरच्या मचाणाएवढ्या उंचीवरून एकच बाण सोडायचा. त्या दिवसाचा हिशोब त्या एका बाणावर, कारण जंगलातही पहिलाच बाण मिळतो. पंधरा यार्डांवर तो रोज थाळीत बसत असेल आणि अठरावर कधीतरी चुकत असेल, तर मर्यादा पंधरा. समोर कितीही मोठ्या शिंगांचा नर अठरावर उभा राहिला, तरी पंधराच. आणि तोही आडवा उभा असेल किंवा किंचित पाठमोरा, तेव्हाच.

बाण लागल्यावर मचाणावरून लगेच उतरायचं नाही. निदान अर्धा तास थांबायचं, मग आधी बाण शोधायचा आणि तो वाचायचा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच असेल. काळपट लाल म्हणजे यकृत, आणखी काही तास धीर धरा. हिरवट, उग्र वासाचा चिकट द्रव असेल तर बाण पोटात लागला आहे. अशा वेळी मागे धावलं तर जखमी हरीण मैलभर पळतं आणि सापडत नाही. आल्या वाटेने, आवाज न करता परत फिरायचं, आणि आठ-दहा तासांनी बॅटरी आणि एक जोडीदार घेऊन पहिल्या रक्ताच्या थेंबापासून माग काढायला लागायचं.