कात्रीने कापलेलं पाकीट

नमस्कार मंडळी. एवढ्या उन्हात आलात, त्यात आज आपल्या भागात पाण्याची पाळी. सोलापुरात पाण्याची पाळी सोडून जो माणूस व्याख्यानाला येतो तो एकतर वक्त्याचा नातेवाईक असतो नायतर त्याच्या घरची सून खमकी असते. नातेवाईक मला दोनच दिसतायत, म्हणजे बाकी सगळे सुनांच्या कृपेनं आलेत. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय तो माझा नाही, सेक्रेटरींचा आहे. ‘गरोदरपणातील औषधे, अर्भकातील व्यंग आणि कायदेशीर उत्तरदायित्व’. वाचूनच घशाला कोरड पडते. त्याच्याकडे येतोच मी, पण आधी एक काम करा. ज्यांच्या खिशात बीपीची, शुगरची गोळी असेल त्यांनी पाकीट बाहेर काढा. लाजू नका, वयाची चौकशी करणार नाही. हां, आता त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी बघा. दिसते? तुमचं? नाही. ताई, तुमचं? अर्धं. काका, तुमचं बघू इकडे. हे बघा, चार गोळ्या, दोन्ही बाजूनी कात्री चाललीय, कंपनीचं नाव अर्धं, औषधाच्या नावातली शेवटची अक्षरं तेवढी शिल्लक. तुम्ही रोज सकाळी चहाआधी हे गिळताय आणि ते नेमकं काय आहे हे त्या पाकिटाला पण माहीत नाही.

ही कात्री माझ्या ओळखीची आहे. वकील व्हायच्या आधी दोनेक वर्षं मी मामाच्या मेडिकलवर होतो, पूर्व भागात, आजूबाजूला सगळे माग. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गिऱ्हाईक म्हणजे मागावरची माणसं आणि विड्या वळणाऱ्या बायका, अख्खं पाकीट घ्यायची कुणाची ऐपत नाही, दोन गोळ्या द्या, तीन द्या. मामा म्हणायचा, आधी नावाच्या बाजूनी काप, म्हणजे उरलेलं पाकीट परत डब्यात टाकताना तारीख आपल्याकडं राहते. दुकानाच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. गिऱ्हाइकाच्या हातात काय गेलं याचा विचार मामानी केला नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

तेव्हा आणखी एक गोष्ट चालायची, ती मी चारचौघांत फारशी सांगत नाही पण आज सांगतो. पाळी चुकली की बाई यायची, किंवा तिची सासू यायची, ‘पाळी येते ती गोळी द्या’. ती म्हणजे ई. पी., इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टेरॉन मोठ्या डोसमध्ये. दिवस गेलेत का हे बघायला ती वापरायचे, घेतल्यावर पाळी आली तर नाहीत, नाही आली तर आहेत. म्हणजे पोटात बाळ असेल तर त्याच्यावरच तपासणी! मी ती चिठ्ठीशिवाय दिली आहे, या हातांनी. बाहेरच्या देशांत बाळाला व्यंग होण्याचा संशय घेऊन ही चाचणी बंद होत गेली, इंग्लंडमध्ये प्रिमोडॉस नावानं हेच मिळायचं ते 1978 मध्ये मागं घेतलं. आपल्याकडं महिला आणि आरोग्य संघटनांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या तेव्हा 1988 साली मोठ्या डोसच्या या औषधावर बंदी आली. तोवर मी काळा कोट घालून पार्क चौकात बसायला लागलो होतो आणि दुसऱ्यांच्या चुका शोधत होतो. संशय खरा की खोटा यावर तिकडं अजून भांडणं चालू आहेत, पण मला रात्री कधीतरी त्या सासवांचे चेहरे आठवतात.

आता मुख्य गोष्ट. 1997 साली एक बाई आली ऑफिसात, विड्या वळणारी, नवरा पॉवरलूमवर. सोबत सहा वर्षांची मुलगी, बापाच्या कडेवर, कारण पायात जोर नव्हता. जन्मतःच पाठीवर फुगवटा होता, मणका नीट मिटलेला नव्हता. बाईला लहानपणापासून फिट यायच्या, त्याच्या गोळ्या चालू, दिवस गेल्यावरही त्याच चालू. गोळी व्हॅल्प्रोएट. ही गोळी आणि हा मणक्याचा दोष यांचा संबंध फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या डॉक्टरांनी 1982 मध्येच छापून आणला होता, मुलीच्या जन्माआधी नऊ वर्षं. ते सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी त्या बाईंनी, म्हणजे अक्कांनी, पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. ‘वकीलसाब, सगळं ठेवलंय बगा मी, एक बी टाकलं नाय.’ रिकामी पाकिटं. मी मोजली, एकेचाळीस. दोन-दोन, चार-चार गोळ्यांचे तुकडे, सगळे कात्रीनं कापलेले. कंपनीचं नाव वाचता येईल अशी सात, आणि त्या सातांत कंपन्या तीन! बॅच नंबर एकावरही नाही. बिल तर विचारूच नका, मी विचारलं तर म्हणाल्या, दोन रुपयाच्या गोळीला बिल मागितलं तर तो दुसऱ्यांदा देतो का?

एवढा नीट पुरावा सांभाळणारा पक्षकार मला पुन्हा कधी भेटला नाही, आणि त्या पुराव्याचा उपयोग शून्य. शिकलेले लोक येतात ना माझ्याकडं, फ्लॅटचे कागद कुठं ठेवलेत ते सांगता येत नाही त्यांना.

तरी केली तक्रार ग्राहक मंचात. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं एका ओळीचं, ही आमचीच गोळी होती हे दाखवा. गोळी लिहून देणारा डॉक्टर चांगला माणूस होता, म्हातारा, मला म्हणाला, गोळी बंद केली असती तर फिट येऊन आई आणि बाळ दोघं गेले असते. हे खोटं नाही बरं का, आणि इथं बसलेल्या कुणी आज घरी जाऊन सुनेच्या फिटच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरला विचारा. मी एवढंच विचारलं की धोका आहे हे तुम्ही बाईंना सांगितलं होतं का. म्हणाले, सांगून काय करणार, घाबरली असती. घाबरायचा हक्क पण गरिबाला नाही! आणि शेवटी यातलं काहीच तपासलं गेलं नाही, कारण ग्राहक कायद्यात मुदत दोन वर्षं आणि मुलगी सहा वर्षांची. मुदतबाह्य. दिवाणीत जाता आलं असतं, तिथं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षं मिळतात, पण कोर्ट फी, तारखा, आणि तज्ञ साक्षीदार कोण उभा राहणार, गावातले सगळे डॉक्टर एकमेकांचे व्याही.

सेक्रेटरी मला कागद पाठवतायत. ‘दहा मिनिटे.’ बरं. म्हणजे आता उत्तरदायित्व. (हशा)

भराभर सांगतो. सगळ्याची सुरुवात थॅलिडोमाइड. जर्मनीत 1957 ला ग्रुनेन्थाल कंपनीनं झोपेची गोळी म्हणून आणली, चिठ्ठीशिवाय मिळायची, गरोदर बायकांना मळमळीवर पण दिली. औषध बाजारात यायच्या आधीच, 1956 च्या नाताळात, कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला कान नसलेलं बाळ झालं होतं. 1961 च्या शेवटी मागं घेतली तोवर जगात दहा हजारांवर मुलं हातपाय अर्धवट घेऊन जन्मली. अमेरिकेत सरकारी औषध खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी नवीन नोकरी असूनही कंपनीचा अर्ज अडवून धरला, पुरावा आणा, आणखी आणा, म्हणून तिथं तेव्हा ती गोळी बाजारात आलीच नाही. जर्मनीत अधिकाऱ्यांवर फौजदारी खटला 1968 ला सुरू झाला आणि 1970 च्या डिसेंबरात थांबवला, तडजोड दहा कोटी मार्क, शिक्षा कुणालाच नाही. कंपनीनं माफी मागितली 2012 साली.

दुसरा प्रश्न, कुणाची गोळी, म्हणजे अक्कांचा डबा. अमेरिकेत डी. ई. एस. नावाचं हार्मोन गर्भ टिकावा म्हणून आयांना दिलं आणि पोटातल्या मुलींना वयात आल्यावर कॅन्सर निघाले, 1971 ला ते उघड झालं. वीस वर्षांपूर्वी आईनं कुठल्या कंपनीची गोळी घेतली हे कुणाला आठवणार? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च कोर्टानं 1980 मध्ये, सिंडेल खटल्यात, सांगितलं की बाजारात ज्या कंपनीचा जेवढा हिस्सा तेवढी तिची भरपाई. मी हे मंचात वाचून दाखवलं होतं. मंचानं ऐकून घेतलं.

तिसरा, पोटातल्या बाळाला हक्क आहे का. इंग्लंडनं 1976 साली त्यासाठी वेगळा कायदाच केला. आपल्याकडं असा कायदा नाही. गंमत बघा, हिंदू वारसा कायद्याच्या कलम 20 प्रमाणं बाप वारला तेव्हा पोटात असलेलं आणि नंतर जिवंत जन्मलेलं मूल वाड्याचा हिस्सा मागू शकतं, म्हणजे वाड्यासाठी ते माणूस आहे. गोळीसाठी काय आहे ते दर वेळी कोर्टात जाऊन विचारायचं.

चौथा, 2019 चा ग्राहक कायदा. यात प्रॉडक्ट लायबिलिटी, म्हणजे सदोष मालाची जबाबदारी, पहिल्यांदा स्पष्ट लिहिली, बनवणारा, विकणारा, सेवा देणारा तिघंही येतात, पुरेशी सूचना दिली नाही हाही दोष धरलाय. चांगलंय. पण कलम 87 वाचा. वस्तू तज्ञाच्या देखरेखीखाली वापरायची असेल आणि कंपनीनं सूचना त्या तज्ञाला रीतसर दिली असेल, तर कंपनी सुटली. म्हणजे कागद डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोचला की काम झालं, तिथून पुढं अक्कांपर्यंत तो येतो का याची काळजी डॉक्टरनं करायची, आणि डॉक्टर म्हणतो घाबरली असती. आणि मुदत? अजून दोनच वर्षं. उशिराचं कारण पटलं तर माफ होते, पण व्हॅल्प्रोएटनं मुलाच्या बुद्धीवर परिणाम झाला असेल तर तो शाळेत घातल्यावर कळतो, मुदत कधीपासून धरायची यावरच दोन वर्षं भांडण. माझं म्हणणं एवढंच आहे की मुदत मुलाच्या वयावर धरा आणि पाकिटाच्या प्रत्येक गोळीमागे नाव, बॅच, तारीख छापा म्हणजे कात्री कुठूनही चालू दे.

उभे राहिलात सेक्रेटरी, संपवतो. त्या मुलीचं विचारतील कुणीतरी म्हणून सांगतो, ती शिकली, व्हीलचेअरवर, घरी शिलाई करते. डबा अजून माझ्याकडं आहे, अक्का परत मागायला आल्या नाहीत आणि मलाही तो नेऊन द्यायचं धाडस झालं नाही.

आणि काका, तुमच्या चार गोळ्या माझ्याकडंच राहिल्या की, या, घ्या. रात्रीची घ्यायची असेल.