गिंझाच्या शोकेससमोर

नमस्कार श्रोतेहो. आज जपानी घड्याळांबद्दल बोलू. गजराची नव्हे, लाखालाखांची. जपानी घड्याळ तसं आपल्याला परकं नाही. एचएमटीनं १९६१ साली बंगळुरूत मनगटी घड्याळं बनवायला घेतली, ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनंच. सकाळी उठल्याउठल्या घड्याळाला चावी देणारे आजोबा तुम्ही पाहिलेच असतील. तेव्हा चावी, स्प्रिंग, सेकंदकाटा हे काही मी समजावत बसत नाही.

घड्याळावरून आठवलं. वास्तुशांतीला भिंतीवरचं घड्याळ आहेर म्हणून देणं आता थांबवा हो! एकेका घरात सात घड्याळं, सातही खोक्यात. असो.

तर टोकियोत गिंझाच्या चौकात मनोऱ्यावर घड्याळ असलेली १९३२ सालची एक इमारत आहे. तिच्यात वाको नावाचं दुकान. मालक कोण? सेइको घड्याळं विकणारी हात्तोरी कंपनीच! साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं तारो तानाका नावाचा तरुण जाऊन उभा राहिला. १९५९ साली कंपनीत लागलेला, डिझाइनचं रीतसर शिक्षण घेऊन आलेला पहिलाच माणूस. शोकेसमध्ये स्विस घड्याळं होती आणि सेइकोचीही. कंपनीनं १९६० साली ‘ग्रँड सेइको’ काढलं होतं, किंमत २५ हजार येन. वेळेच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नव्हती. पण स्विस घड्याळं झगमगत होती आणि आपली मात्र त्यांच्या शेजारी फिकी. तीही घरच्याच दुकानात! लक्षात घ्या, वेळ चोख होती, झळाळी नव्हती.

तानाका परतला आणि त्यानं नियम बांधले. घड्याळाच्या अंगाला सपाट पैलू हवेत. काटे, तबकडीवरच्या खुणा, सगळ्यांना पैलू. आणि पृष्ठभाग आरशासारखा. या नियमांतून १९६७ साली ‘४४जीएस’ नावाचं घड्याळ बाहेर पडलं.

आता आरसा म्हणजे कसा? स्वयंपाकघरातली नवी स्टीलची वाटी घ्या आणि तिच्यात तोंड बघा. चकाकी भरपूर, पण नाक एकीकडे, कान भलतीकडे. तानाकाला हे चालणार नव्हतं. सपाट म्हणजे सपाट. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं तर सरळ रेघ दिसली पाहिजे. त्यासाठी कारागीर गरगर फिरणाऱ्या चकतीच्या सपाट तोंडावर घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, हातानं टेकवतो. किती दाबायचं, कोणत्या कोनात धरायचं, सगळं बोटांनाच ठाऊक. मनगट जरा ढळलं की धार गोल झाली, आणि एकदा गोल झालेली धार जागची परत येत नाही.

या पॉलिशला म्हणतात झारात्सू. वाटलं ना, काहीतरी प्राचीन, तलवारबाजीतलं? मलाही वाटलं होतं! पण युरोपातून आलेल्या पॉलिशच्या यंत्रावर बनवणाऱ्या भावांचं आडनाव कोरलेलं होतं, सालाझ. जपानी जिभेवर त्याचं झारात्सू झालं, असं सांगतात. आपण नाही का लॉर्डचा लाटसाहेब केला!

माझा वेळ बघता बघता संपत आला, तेव्हा बाकीचं भरभर सांगतो. १९६८ साली जिनिव्हाच्या वेधशाळेनं घेतलेल्या अचूक वेळेच्या स्पर्धेत यांत्रिक मनगटी घड्याळांत सेइको सर्वांच्या पुढे गेलं. १९६९ च्या नाताळाच्या दिवशी त्याच कंपनीनं क्वार्ट्झ घड्याळ आणलं, म्हणजे बॅटरीवर चालणारं, स्फटिकाच्या कंपनांनी वेळ राखणारं, आणि चावीच्या घड्याळांचीच पंचाईत झाली. पुढं १९७७ मध्ये योशिकाझू आकाहाने या इंजिनिअरच्या डोक्यात आलं की ताकद स्प्रिंगची असावी आणि शिस्त क्वार्ट्झची. सहाशेहून जास्त नमुने बनले. १९९९ मध्ये ‘स्प्रिंग ड्राइव्ह’ बाजारात आलं. आकाहाने आदल्याच वर्षी वारले होते.

त्या घड्याळाचा सेकंदकाटा ठेचाळत चालत नाही, तेलाची धार पडावी तसा सरकतो. टिकटिक अजिबात नाही. त्यामुळे श्रोतेहो, रेडिओवर तुम्हाला ऐकवायला माझ्याकडे काहीच नाही. नमस्कार.