वारा नेतो की पाणी?

सागरी प्रवाह शिकवताना मुलांपुढे आधी नकाशा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. लाल-निळे बाण ती पाठ करतात आणि प्रवाह म्हणजे समुद्रात आखून दिलेला रस्ता, अशी समजूत पक्की होते. त्याऐवजी त्यांना काठावर न्या. हातात एक हलका प्लास्टिकचा चेंडू द्या, एक संत्रं द्या आणि दोन्ही एकाच जागी पाण्यात सोडायला सांगा. (चेंडू परत काढायला लांब दांड्याची जाळी हवी. समुद्राचा अभ्यास करायला जाऊन समुद्रात कचरा टाकून यायचं नाही.)

वारा असेल तर थोड्याच वेळात दोघांच्या वाटा फुटतात. चेंडू जवळजवळ सगळा पाण्यावर, म्हणून तो वाऱ्याच्या हाती. संत्रं बरंचसं बुडालेलं, म्हणून ते पाण्याबरोबर. मग वाद सुरू होतो: खरा प्रवाह कोणता? हा वाद मी मिटवत नाही, रंगू देतो. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘चेंडूला खाली काहीतरी बांधून बघू या.’ त्या क्षणासाठी मी हा सगळा खटाटोप करतो. शास्त्रज्ञांनीही तेच केलं आहे. त्यांच्या तरंगत्या बोयांना वर लहानसा गोळा असतो आणि सुमारे 15 मीटर खोलीवर लांब, भोकाभोकांची कापडी नळी. नळी पाण्याला धरून राहते, गोळ्याचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळतो. नळी तुटली तरी आकडे येत राहतात, पण त्यात वारा मिसळलेला असतो. तो ओळखावा लागतो.

वाद पोरकट मुळीच नाही. 1893 ते 1896 या काळात नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याचं ‘फ्राम’ जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकून वाहत होतं. बर्फ वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता उजवीकडे कलतो, हे त्याने तिथे टिपलं. पृथ्वीच्या फिरण्याने असं होतं, याचं गणित स्वीडनचा सागरशास्त्रज्ञ एकमन याने 1905 मध्ये मांडलं.

आणि एका छोट्या शिडाच्या होडीची गोष्ट! अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या राय गावच्या शाळकरी मुलांनी तयार केलेली, जेमतेम माणसाच्या उंचीची, बिनमाणसांची. ऑक्टोबर 2020 मध्ये ती अटलांटिकमध्ये सोडली. 462 दिवसांनी ती नॉर्वेत स्मोलाजवळच्या एका निर्जन बेटावर सापडली, तीही एका सहावीतल्या मुलाला. मोडतोड झालेली, अंगभर बार्नेकल (कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटलेले, पण सामानाचा कप्पा शाबूत. तो त्या मुलाच्या शाळेत उघडला, तेव्हा आत पलीकडच्या मुलांनी ठेवलेली छायाचित्रं, झाडाची पानं, नाणी होती.

ही गोष्ट सांगितली की मुलं आधी टाळ्या वाजवतात. पण संत्र्याचा प्रयोग केलेली मुलं पुढे प्रश्नही विचारतात. शीड होतं ना, मग तिला नेलं कुणी, वाऱ्याने की पाण्याने? आणि बार्नेकलच्या वजनाने ती जसजशी खाली बसत गेली, तसतसं हे प्रमाण बदललं असेल का?