लक्ष्मी रोडवरची लॅक्मे

(लक्ष्मी रोड, संध्याकाळ. हॉर्न, गर्दी, दुकानांचे दिवे.)

टिकल्या, मेंदीचे कोन, नेलपॉलिश विकणारं एक चिंचोळं दुकान. गल्ल्याच्या वर लक्ष्मीची तसबीर, तिला झेंडूचा हार. खाली काउंटरवर लिपस्टिकच्या रांगा, आणि त्यांच्यावर नाव: लॅक्मे.

नाव एकच, दोनदा लिहिलेलं. मधला प्रवास मात्र व्हाया पॅरिस झालाय.

लॅक्मे म्हणजे काय, असं इथं कुणालाही विचारा. ज्याला थोडंफार माहीत असतं, तो ठासून सांगतो, ‘फ्रेंचमध्ये लक्ष्मीला लॅक्मे म्हणतात.’ नाही म्हणत. फ्रेंच भाषेत असा शब्दच नाही. हे एका ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य गायननाटकाच्या, नायिकेचं नाव. तिकडच्या जिभेला ‘लक्ष्मी’ जसं झेपलं, तसं. १९५२ साली टाटांनी सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली आणि हे नाव घेतलं. नेहरूंनी गळ घातली म्हणून कंपनी निघाली, असंही सांगतात. सांगणारा प्रत्येक जण त्या बैठकीत चहा पिऊन आल्यासारखा सांगतो.

(जुनं फ्रेंच पोस्टर. मागे पियानो.)

तर तो ऑपेरा, नावही ‘लॅक्मे’च. संगीतकार लिओ दलिब. पहिला प्रयोग पॅरिसमध्ये, १४ एप्रिल १८८३. नायिका ब्राह्मणाची मुलगी, वडील नीलकंठ, प्रियकर इंग्रज लष्करी अधिकारी. इथवर ठीक. पण या कर्मठ नीलकंठाच्या घरच्या गड्याचं नाव काय असावं? हाजी! सदाशिव पेठेत प्रयोग लागला असता, तर पहिल्या अंकातच तिसऱ्या रांगेतून कुणीतरी उभं राहिलं असतं.

सुरुवातीच्या प्रार्थनेत दुर्गेला ‘गोरी’ आणि शंकराला ‘फिकट’ म्हटलंय. आपण हसायला जातो, तेवढ्यात ‘कर्पूरगौरं’ आठवतं आणि गप्प बसतो.

दुसऱ्या अंकात नीलकंठ मुलीला भर बाजारात गायला लावतो. आवाज ऐकून तो इंग्रज गर्दीतून पुढे येईल, हा डाव. ती गाते ते घंटागीत भल्याभल्या गायिकांना घाम फोडतं. शब्द संपतात आणि नुसत्या गळ्यातून घंटा वाजवायच्या, वरच्या पट्टीत, एकेक स्वर सुटा. तानेवर जीव टाकणाऱ्याने एकदा ऐकावंच. गाण्यातली गोष्ट अशी: जातीबाहेर टाकलेल्यांची एक पोर रानात घंटा वाजवून एका परक्या माणसाला श्वापदांपासून वाचवते. तो निघतो साक्षात विष्णू. आणि गाण्यात त्याची ओळख करून दिलीय ती अशी: ‘ब्रह्मदेवाचा पुत्र’.

विष्णूच्या बेंबीतून कमळ, कमळात ब्रह्मदेव. हे चित्र आपल्याकडे वाण्याच्या कॅलेंडरवरही असतं. पॅरिसने बापाचा मुलगा केला आणि कुणाला पत्ता लागला नाही.

शेवटी लॅक्मे धोतरा खाऊन मरते. महाशिवरात्रीला देवळाबाहेर विकायला असतो, तोच. हे मात्र त्यांनी बरोबर उचललं, धोतरा विषारीच.

(जुन्या नाटकांचे फोटो. ऑर्गनचे सूर.)

पॅरिसच्या त्या पहिल्या प्रयोगाच्या अडीच वर्षं आधी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. पहिले चारच अंक. पॅरिसमध्ये मारी व्हॅन झांट ही अमेरिकन गायिका ब्राह्मणकन्या झाली; आपल्याकडे शकुंतला पुरुषच करत, आणि पुढे भाऊराव कोल्हटकरांनी ती गाजवली. दोन्हीकडच्या प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

‘संगीत नाटक म्हणजे मराठी ऑपेरा’ हेही असंच तोंडी बसलेलं वाक्य. बहुतेक ऑपेरांत ‘दार लाव’ हेसुद्धा गाऊन सांगतात. आपल्याकडे आधी गद्य, मग पद, मग वन्समोअर. आणि तेवढा वेळ शत्रू तलवार उपसून ताटकळत उभा.

अजून एक उलटा फेरा. १९२३ साली पॅरिसमध्ये अल्बेर रुसेलचा ‘पद्मावती’ हा ऑपेरा आला. रुसेल स्वतः चित्तोड पाहून गेलेला. २००८ मध्ये पॅरिसच्याच शातले थिएटरने तो पुन्हा केला आणि दिग्दर्शनाला बोलावलं संजय लीला भन्साळींना, म्हणजे आपल्या लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या माणसाला. चित्तोडची राणी फ्रेंचमध्ये गातेय, आणि रंगमंचावर जिवंत हत्ती! इथं बालगंधर्वला स्कूटर लावायला जागा मिळत नाही, हत्तीचं बोलूच नका.

(पुन्हा तेच दुकान. दिवेलागण.)

काउंटरवर एक मुलगी मनगटावर शेड लावून बघतेय. शेजारी आजी. ‘केवढ्याला गं ही लक्ष्मी?’

‘लॅक्मे, आजी.’

‘तेच ते.’

मालक उदबत्ती पेटवतो. तसबिरीला ओवाळतो, गल्ल्यावरून फिरवतो, आणि हात मागे घेता घेता लिपस्टिकच्या रांगांवरूनही एक फेरा.